कुठले पाटील? ताईंना आभाराचं पत्र

ताई,

सप्रेम नमस्कार.

त्या रात्री फोनवर मी आभार मानायला लागले आणि तुम्ही "बरं बरं, झोप आता" म्हणून फोन ठेवलात. बोलायचं होतं ते पोटातच राहिलं. आज तीन आठवडे झाले, पण आठवण आली की अजून घसा दाटतो. म्हणून लिहितेय, आणि चारचौघांना वाचता येईल असं उघड लिहितेय. तुम्हाला आवडणार नाही हे ठाऊक आहे. माफ करा.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. मी ताईंची जुनी ट्रेनी. कोल्हापुरात आमचं चार जणांचं ऑफिस आहे, आम्ही पतसंस्थांचं सॉफ्टवेअर सांभाळतो. पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये एकच डेटाबेस आणि त्यात प्रत्येक संस्थेचा वेगळा स्कीमा, म्हणजे टेबलांचा स्वतंत्र कप्पा. प्रत्येक स्कीमात टेबलं तीच: सभासद, कर्ज, जामीनदार, ठेव, हप्ता. टेबलं तीच म्हणजे कन्स्ट्रेंटची, डेटावर घातलेल्या अटींची, नावंही तीच. कर्जाला सभासद असलाच पाहिजे ही अट सगळीकडे 'कर्ज_सभासद_आयडी_एफकी' याच नावाने बसलेली. एफकी म्हणजे फॉरेन की, एका टेबलमधला क्रमांक दुसऱ्या टेबलमध्ये असलाच पाहिजे अशी अट.

२७ मार्चला आम्ही चौदाव्या संस्थेचा जुना डेटा चढवायला घेतला. १ एप्रिलला त्यांची पहिली पावती नव्या सॉफ्टवेअरमधून फाटायची होती. सभासद चढले, ३,३०० च्या वर. मग कर्ज चढवायला लागलो आणि सभासद क्रमांक २१४१ पाशी गाडी अडली. मेसेज असा, की या क्रमांकाचा सभासद 'सभासद' टेबलमध्ये नाही. आणि तो तर माझ्या डोळ्यांसमोर होता! त्याचं नाव, वडिलांचं नाव, शेअर्सची रक्कम, सगळं दुसऱ्या खिडकीत उघडं. मी दहादा बघितलं. डेटाबेस दहादा म्हणाला, नाही.

पुढचे दोन दिवस कसे गेले ते तुम्हाला मी धड सांगितलं नव्हतं. ज्या सपोर्टला आम्ही वर्षाचे पैसे भरतो त्यांनी मेसेजची पहिली ओळ वाचली, "तुमचा डेटा खराब आहे" असं लिहिलं आणि तक्रार बंद केली. एक सल्लागार गाठले. त्यांनी तासाचे पैसे आधी घेतले आणि इन्फर्मेशन स्कीमावर, म्हणजे डेटाबेस स्वतःबद्दल ठेवतो त्या माहितीवर, एक क्वेरी मारली. कन्स्ट्रेंटच्या नावावर जॉइन (दोन याद्यांची जोडणी), वर डिस्टिंक्ट (सारख्या ओळींची एकच ओळ). एक ओळ आली: ही अट 'सभासद'कडे जाते. "बघा, बरोबर आहे." मग त्यांनी ती अटच काढून टाकली. टेबलच्या आधी स्कीमाचं नाव न लिहिता. चूक तशीच आली. तेव्हा म्हणाले, पोस्टग्रेसचा बग आहे, व्हर्जन बदला. तिसरे ओळखीचेच, चांगले मोठे अनुभवी. ते म्हणाले, "मार्चएंडला कसलं कन्स्ट्रेंट घेऊन बसलीस, सगळीच काढ, एप्रिलमध्ये बघू." त्यांचं बोलणं सगळ्यात जास्त लागलं. ज्या कर्जाला सभासद नाही ते कर्ज वसूल कुणाकडून करायचं? ती एक अट सोडली तर आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि रजिस्टरच्या सुट्या पानांत फरक काय राहतो?

तिघांपैकी एकानेही तो मेसेज शेवटपर्यंत वाचला नाही. मी वाचून दाखवायला लागले की मध्येच "हो हो, कळलं".

२९ तारखेला रात्री साडेनऊला तुम्हाला फोन केला. सहा वर्षांत मी दिवाळीचे मेसेज सोडून काही केलं नव्हतं. तुम्ही निवृत्त झालात तेव्हाही यायचं राहिलं. तुम्ही उचललात आणि म्हणालात, "बोल गं." मी घाईघाईने सगळं सांगायला लागले, सपोर्ट, सल्लागार, मार्चएंड. तुम्ही ते चालू दिलंत. मी दम घेतला तेव्हा एवढंच म्हणालात, "आता मेसेज वाच. सगळा. सावकाश."

मी वाचायला लागले आणि मला पेनाचा आवाज आला.

ताई, त्या आवाजाबद्दल मी किती जणांना सांगितलंय. कागदावर पेन ओढल्याचा आवाज, मध्येच थांबणारा, मग पुन्हा. मी "की" म्हटलं, तुम्ही लिहिलंत. मी "कंसात सभासद आयडी" म्हटलं, तुम्ही म्हणालात "थांब... हं, पुढे." मी "इज नॉट प्रेझेंट इन टेबल सभासद" म्हटलं. तुम्ही विचारलंत, "सभासद अवतरणचिन्हात आहे का?" आहे म्हटलं. मग लिहिलेलं सगळं मला परत वाचून दाखवलंत, शब्दाला शब्द. दोन दिवसांत पहिल्यांदा मला वाटलं की मी जे सांगतेय ते कुणाच्या तरी समोर कागदावर उतरलंय, आता ते हवेत जाणार नाही. चूक तेव्हा सापडली नव्हती. पण माझे हात थरथरायचे थांबले ते तिथे.

मग तुम्ही थोडा वेळ गप्प राहिलात आणि म्हणालात, "यात गावाचं नाव नाही गं."

तुमची तीस वर्षं ओरॅकल या दुसऱ्या डेटाबेसवर गेली. तिथे मूळ नोंद सापडली नाही की ओआरए-०२२९१ हा एरर येतो आणि कंसात आधी मालकाचं नाव, मग टिंब, मग कन्स्ट्रेंटचं नाव छापलं जातं. तुमच्या डोळ्याला ते टिंब बघायची सवय. आमच्या मेसेजमध्ये टिंब नव्हतं, म्हणजे स्कीमाचं नाव नव्हतं, आणि ते नसणं तुम्हाला ऐकून कळलं. मला रोज समोर बघून कळलं नव्हतं.

"पाटील म्हटलं की कुठले पाटील ते विचारतेस ना?" तुम्ही म्हणालात. "मग सभासद म्हटल्यावर का नाही विचारलंस?"

त्यानंतरचा तुमचा प्रश्न मी जन्मात विसरणार नाही. "२१४१ अडतो. २१४० चालतो का?" चालतो म्हटलं. त्याच्या खालचे सगळे चालले होते, एकही अडला नव्हता. "मग बरोबर २१४० सभासद असलेली संस्था तुझ्याकडे कुठली आहे?"

माझ्या अंगावर काटा आला. आमची पहिली संस्था. तेव्हा स्कीमे वेगळे नव्हते, सगळं पब्लिक या पोस्टग्रेसच्या मूळ स्कीमात होतं. पुढे त्यांना वेगळा स्कीमा दिला, पण पब्लिकमधली जुनी टेबलं कुणी हलवली नाहीत. मोजून बघितलं. २१४० ओळी.

म्हणजे नव्या संस्थेची जी कर्जं बिनतक्रार चढली होती ती सगळी दुसऱ्याच संस्थेच्या सभासद रजिस्टरशी पडताळून चढली होती. हे लिहितानाही बरं वाटत नाही.

कारण साधं होतं. एरवी आम्ही तयार स्कीमाची नक्कल करतो. या वेळी मी स्क्रिप्टच्या टेबलवार फायली केल्या होत्या आणि त्या अकारविल्हे चालल्या. क आधी, स नंतर. कर्ज टेबल बनलं तेव्हा नव्या स्कीमात सभासद नव्हताच. सर्च पाथमध्ये, म्हणजे नुसतं नाव दिल्यावर कुठले स्कीमे कुठल्या क्रमाने शोधायचे त्या यादीत, आधी नवा स्कीमा, मग पब्लिक. पोस्टग्रेसने नव्यात शोधलं, मिळालं नाही, पब्लिकमध्ये मिळालं, तिथे गाठ मारली. आणि ही गाठ नावाशी नसते. फॉरेन की बनते त्या क्षणी एकदाच नाव शोधलं जातं, नंतर टेबलचा आतला क्रमांक धरून ठेवला जातो. पुढच्या मिनिटाला नव्या स्कीमात सभासद आला तरी गाठ जागची हलत नाही.

मग तुम्ही म्हणालात, "सर्च पाथ रिकामा कर आणि टेबल परत बघ." रिकामा केला. आणि जिथे दोन दिवस नुसतं 'सभासद' दिसत होतं तिथे 'पब्लिक.सभासद' असं लख्ख आलं. पोस्टग्रेस सर्च पाथमधून सहज सापडणाऱ्या टेबलच्या आधी स्कीमाचं नाव लिहीतच नाही. आमच्या रोजच्या लॉगिनचा सर्च पाथ पब्लिकवर उभा, म्हणून नीट बांधलेल्या तेरा संस्थांत नाव स्कीमासकट दिसायचं आणि चुकलेल्या एका ठिकाणी साधं, सुटसुटीत. आम्हाला ते सुटसुटीतच बरोबर वाटलं.

सल्लागारांचं काय चुकलं तेही तेव्हाच कळलं. तेच नाव पंधरा ठिकाणी, चौदा संस्था आणि पब्लिक. नुसत्या नावावर जॉइन केल्यावर पंधरातली प्रत्येक ओळ पंधराही ओळींशी जुळली असणार, आणि डिस्टिंक्टने त्या सगळ्यांची एक केली. स्कीमाचा कॉलम त्यांनी निवडलाच नव्हता. जॉइनमध्ये कन्स्ट्रेंट_स्कीमा घातला असता तर एका मिनिटाचं काम होतं. आणि त्यांनी काढलेली अट पब्लिकमधल्या जुन्या कर्ज टेबलवरून निघाली होती, आमच्या चुकीच्या अटीला हातही लागला नव्हता.

हे काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच लिहून ठेवते, कारण मला ती कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. एसक्यूएलचं प्रमाण सांगतं की कन्स्ट्रेंटचं नाव एका स्कीमात एकदाच असावं. ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर तसंच वागतात. मायएसक्यूएलमध्ये स्कीमा म्हणजेच डेटाबेस, तिथे फॉरेन कीचं नाव डेटाबेसभर एकदाच चालतं. पोस्टग्रेस मात्र टेबलपुरतंच बघतो. म्हणजे एका गावात, ताईंच्या भाषेत, प्रत्येक वाड्यात एक पाटील चालतो. प्रायमरी की आणि युनिक यांची गोष्ट निराळी, कारण त्यांच्या मागे त्याच नावाचा इंडेक्स बनतो आणि इंडेक्सचं नाव स्कीमात एकदाच चालतं. म्हणून नुसत्या नावावर विसंबून पोस्टग्रेसमध्ये काहीही शोधू नका, टेबल आणि स्कीमा दोन्ही धरा. पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड-लाइनमध्ये व्हर्बोसिटी (मेसेजमधला तपशील) वाढवली तर पोस्टग्रेस ९.३ पासून चुकीसोबत स्कीमाचं नाव येतं, पण ते ज्या टेबलवर चूक झाली त्याच्या स्कीमाचं. ज्या टेबलकडे बोट आहे त्याचा स्कीमा तिथेही येत नाही. तो आपणच विचारायचा.

ताई, फायली मी फोडल्या होत्या. हे कळल्याबरोबर मी तुम्हाला म्हटलं, चूक माझीच आहे, चार माणसांचे दोन दिवस आणि संस्थेचा भरवसा मी घालवला. तुम्ही माझं बोलणं तोडलंत, त्या रात्री एकदाच. "फायली तू फोडल्यास. पब्लिकमध्ये ते टेबल पडून आहे हे तुम्ही चौघंही रोज बघत होता. आता अट काढ, स्कीमा लिहून परत घाल." बस. पुन्हा त्या गोष्टीचा उल्लेख नाही, तेव्हाही नाही, नंतरही नाही. अट नव्याने घातली, पोस्टग्रेसने सगळी कर्जं नव्या संस्थेच्या सभासदांशी ताडून बघितली, एकही ओळ अडली नाही. रात्रीचे पावणेबारा.

आणि सकाळी सातला तुमचा मेसेज: "बाकीच्या १३ बघितल्यास का?"

बघितल्या नव्हत्या. बसले. त्या तेरांत जिथे टेबलचा स्कीमा एक आणि अटीने बोट दाखवलेल्या टेबलचा स्कीमा दुसरा, अशा सगळ्या फॉरेन की काढल्या. एक निघाली. एका लहान संस्थेत, जामीनदार टेबलवर. ते टेबल आम्ही दोन वर्षांपूर्वी हाताने घातलं होतं. टेबलच्या नावाआधी स्कीमा लिहिला होता, रेफरन्सेसच्या पुढे लिहायचा राहिला होता. संस्थेचे सभासद नऊशे. नऊशेच्या आतले सगळे क्रमांक पब्लिकमध्ये होतेच, म्हणून दोन वर्षांत कधी कुरकुर झाली नाही. अट नीट घालायला गेले तर तीन ओळी अडल्या. तीन जामीनदारांचे क्रमांक त्या संस्थेत अस्तित्वातच नव्हते. कागदी अर्ज काढले, तिन्ही ठिकाणी आकडा टाइप करताना चुकला होता. तीन कर्जांना आमच्या रेकॉर्डवर दोन वर्षं जामीनदार नव्हता. तुमचा सातचा मेसेज आला नसता तर हे वसुलीच्या दिवशी कळलं असतं.

त्या नव्या संस्थेच्या व्यवस्थापकांचेही आभार इथेच मानते. ३० तारखेला मी त्यांना काय चुकलं ते खरंखरं सांगितलं. मला वाटलं आता बोलतील. ते म्हणाले, "सांगितलंत ते बरं केलंत, आमच्या लेखापरीक्षकांनाही असंच सांगा," आणि माझ्यापुढे चहा सरकवला. अशी माणसं आहेत, ताई. फार गाजावाजा करत नाहीत, पुढ्यात आलेल्याचं नीट ऐकून घेतात, म्हणून दिसत नाहीत एवढंच. गेल्या आठवड्यात आमच्याकडे नवीन लागलेला मुलगा एक चूक घेऊन आला. माझ्या तोंडात "हो हो, कळलं" आलंच होतं. मी ड्रॉवरमधून पेन काढलं आणि म्हटलं, वाच. सगळा वाच.

तुम्ही ज्या कागदावर तो मेसेज उतरवलात तो रद्दीत गेला नसेल तर ठेवा. पुढच्या महिन्यात मिरजेला येतेय. या वेळी नक्की येणार. येईन तेव्हा तो मला द्या.

तुमची,
जुनी ट्रेनी