डाव्या पायाला कुणी विचारत नाही

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात गाड्यांच्या पानावर मध्यंतरी पिकअपबद्दल आलेलं, मॅन्युअल घ्यावी का ऑटोमॅटिक. आमच्या पुतण्यानं त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, काका वाचा. वाचला. लिहिलाय बरा, पण लिहिणाऱ्याची पिकअप शनिवार रविवारी धरणाकाठी तंबू ठोकायला जाणारी दिसतेय, आणि आमची जाते ६०-६५ क्रेट भरून, वर ताडपत्री, रात्री वाशीला. दोन्हीला पिकअपच म्हणत्यात म्हणून घोळ होतोय.

मी तासगाव तालुक्यातला द्राक्षवाला. अडीच एकर बाग, त्यातली निम्मी बेदाण्याला जाते. २००६ पासून पिकअप स्वतः चालवतोय, सध्याची दुसरी आहे आणि तिचंपण आता झालंच म्हणायचं, दसऱ्याला तिसरी घ्यायचीय, त्यामुळं हा विषय आमच्याकडं दोन महिने झाले जेवताना, फवारणी करताना, लाईट गेल्यावर अंगणात बसल्यावर चालूच आहे.

पयली गोष्ट म्हणजे, निवड करायला दोन्ही गाड्या समोर तर पाहिजेत की. मी सांगलीत नी कोल्हापुरात शोरूम पालथे घातले. बोलेरो पिकअप बघितली, योद्धा बघितली, दोस्त, इंट्रा सगळ्या बघितल्या. पाच गियर आणि एक क्लच, बाकी काय पायजे ते बोला. ऑटोमॅटिक आहे का विचारलं की सेल्समन पोरगं आधी माझ्या चपलेकडं बघतंय आणि मग म्हणतंय, काका तसलं पाहिजे असेल तर हायलक्स घ्या नाहीतर व्ही-क्रॉस. आता हायलक्सची किंमत ऐकली तर बागेचा एक तुकडाच काढावा लागंल. आणि तिच्यात द्राक्षाचे क्रेट टाकायचं माझ्यानं धाडस होणार नाही, चिकट रस सांडला तर मीच रात्रभर झोपणार नाही.

पण त्या हायलक्सच्या कागदावर एक गंमत बघितली ती सांगतो. इंजिन एकच, २.८ लिटर डिझेल. मॅन्युअलला टॉर्क, म्हणजे इंजिनचा ओढायचा जोर, दिलाय ४२० न्यूटन मीटर आणि ऑटोमॅटिकला ५००. म्हणजे कंपनी स्वतःच ऑटोमॅटिकला जास्त ओढ देतीय, आणि आमच्याकडं पारावर वीस वर्षं एकच चाललंय, ऑटोमॅटिक लोड ओढत नाही, ती बायकापोरांची गाडी. उलट आहे हो. खऱ्या ऑटोमॅटिकमध्ये, ज्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात, त्यात क्लच प्लेटच्या जागी तेल असतंय. दोन पंखे समोरासमोर ठेवले आणि एक चालू केला की दुसरा वाऱ्यानं फिरायला लागतो, तसंच, फक्त वाऱ्याच्या जागी तेल. गाडी जागेवरनं उठताना हे तेल इंजिनचा जोर वाढवून देतंय. भरलेली गाडी चढावर उभी आहे आणि उठवायचीय, तिथं तर हेच पाहिजे. तिथं आम्ही काय करतो, हाफ क्लच, म्हणजे क्लच अर्धा दाबून गाडी उठवायची. आणि मग प्लेट जळायचा वास येतो. तो वास ज्याला माहिती आहे त्याला सांगायला नको, त्या वासाला माझ्या हिशोबानं एका वेळी ११ हजार रुपये पडल्यात, प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि गियरबॉक्स खाली उतरवायची मजुरी धरून.

आता डाव्या पायाचं. एकदा सीझनमध्ये धाकटा पोरगा सोबत होता, त्याला काम नव्हतं म्हणून त्यानं मी क्लच किती वेळा दाबतो ते मोजलं, आमच्या शेडपासनं सांगली मार्केट यार्डापर्यंत. पंचवीस एक किलोमीटर. २१४ भरले. त्यात ऊसाच्या ट्रॅक्टरमागं एक एक ट्रॉली बघत जाणं आलं, कारखाने सुरू असले की दोन दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात, ओव्हरटेक होत नाही, दुसऱ्या गियरमध्ये रांगत जायचं. आणि हे एका बाजूचं झालं. वाशीच्या मार्केटला रात्री आत शिरायला जी रांग लागती तिथं तर मोजायलाच नको, एक गाडी पुढं सरकली की क्लच, पयला, सोड, दाब, ब्रेक. गेल्या वर्षी डावा गुडघा सुजला. सांगलीच्या डॉक्टरनं विचारलं जिने किती चढता. जिना कुठला, म्हटलं, घर पत्र्याचं आहे.

म्हणून मला राग येतो तो ह्या गोष्टीचा की ऑटोमॅटिकला चैन समजतात. ज्याच्या पायाला दिवसाला हजार वेळा क्लच दाबायचाय त्याला पाच गियर, आणि जो महिन्यात दोनदा गाडी बाहेर काढतोय त्याला सहा गियरची ऑटोमॅटिक. कुणी बसवलं हे गणित.

पण म्हणून मी ऑटोमॅटिकची आरती करतोय असं समजू नका. दुसरी बाजू पण आहे आणि ती आमच्या भागात जरा जास्तच आहे, कारण आम्हाला कुठंपण जायचं म्हटलं की घाट आडवा. कोकणात उतरायचं तर कुंभार्ली नाहीतर आंबा, मुंबईला जायचं तर कात्रज आणि बोरघाट, येताना खंबाटकी. माझ्या वडलांनी मला गाडी शिकवताना एकच धडा दिलेला, ज्या गियरनं चढलास त्याच गियरनं उतर. इंजिननं गाडी धरायची, ब्रेक फक्त मदतीला. मॅन्युअलला हे हातात असतंय. ऑटोमॅटिक डी मध्ये, म्हणजे गियर तिचे तिलाच टाकू देत, उतरलं की ॲक्सिलरेटर सोडल्यावर तिला वाटतं आता आरामाचं काम आहे आणि ती वरचा गियर टाकती, गाडी मोकळी सुटती, माणूस ब्रेकवर उभा राहतो, ब्रेक तापले की मग देवाचं नाव. नव्या गाड्यांना उतार कळतो म्हणतात आणि त्या गियर धरून ठेवतात, पण तरी दांडी एम मध्ये, म्हणजे मॅन्युअलमध्ये, घेऊन खालचा गियर आपणच लावायला पाहिजे, आणि हे किती जणांना माहिती आहे. आमच्या पुतण्याला चार वर्षं ऑटोमॅटिक चालवून ते एम कशाला आहे माहिती नव्हतं, त्याला वाटलेलं ते मॅन्युअलवाल्यांना बरं वाटावं म्हणून दिलंय.

आता ऑटोमॅटिकवाल्यांनाच बोलायला नको. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत सगळा उतार आहे, पुण्याला जाणाऱ्या आमच्या प्रत्येक गाडीला तो लागतोच. तिथं काही ड्रायव्हर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करतात. २०२२ च्या नोव्हेंबरात एका मोठ्या गाडीनं तिथं कितीतरी गाड्या उडवल्या ते तुमच्याच पेपरात वाचलेलं. बोर्ड लावलेत, पोलीस सांगून थकले, तरी माझ्या बाजूनं गाड्या सूं करून जातात, इंजिनचा आवाजच नाही. तेव्हा हातात गियर असला म्हणजे माणूस शहाणा असतो असं काय नाही.

अजून एक, सगळ्या ऑटोमॅटिक एका माळेचे मणी नाहीत हे त्या लेखात जरा सुटलं. आपल्याकडं स्वस्तात जी ऑटोमॅटिक मिळती, एएमटी, २०१४ ला सेलेरिओत आली तीच, तिच्यात आत तोच जुना गियरबॉक्स आणि तीच कोरडी क्लच प्लेट असती, फक्त दाबायचं काम आपल्या पायाऐवजी मशीन करतंय. मायलेज मॅन्युअलइतकंच, स्वस्त पण. पण ती घाटात कशी वागती ते मी बघितलंय. पुतण्याची आधीची गाडी तसली होती. मे महिन्यातला रविवार, पसरणी घाट, वाईपासनं पाचगणीपर्यंत मुंगीची रांग लागलेली. हा बहाद्दर चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटर हळू दाबून गाडी जागेवर धरून ठेवायला लागला, ऑटोमॅटिक आहे काका काय होत नाही. दहा मिनटांत तोच ११ हजाराचा वास. डॅशबोर्डवर कसलातरी लाल दिवा आला आणि आम्ही घाटातच कडेला, सगळी जत्रा आमच्याकडं बघत वर गेली. वहिनींनी तिथंच डबा उघडला ही गोष्ट वेगळी. भरलेल्या पिकअपला असली एएमटी बसवून कुणी विकायला आणली तर मी तरी घेणार नाही. देणार असाल तर तेलवाली द्या.

स्वतः मी ऑटोमॅटिक पहिल्यांदा चालवली तेव्हाची फजिती पण सांगून टाकतो. स्पीड ब्रेकर आला, वीस वर्षांची सवय, डावा पाय आपोआप क्लच शोधायला गेला, आणि तिथं रुंद ब्रेक असतो. क्लच दाबायच्या जोरानं ब्रेक दाबला. मागं बसलेली आई पुढच्या सीटवर आली. तवापासनं डावा पाय सीटखाली वाकवून ठेवायचा असं ठरवलंय. मागं द्राक्षाचे क्रेट असते तर बाजारात रस विकायला लागला असता.

मोडण्याचं बघा. मॅन्युअलचं सगळं आमच्या गावातला मिस्त्री करतो, लिंबाच्या झाडाखाली, दोन जॅक आणि एक पोरगा एवढ्यावर गियरबॉक्स खाली. बॅटरी उतरली तर चार माणसं लावली की धक्का स्टार्ट. ऑटोमॅटिकला धक्का मारून काय उपयोग नाही, आत तेलाचा पंप इंजिनवर चालतो, इंजिन बंद तर दाब नाही, दाब नाही तर चाकांनी इंजिन फिरणार कसं. बंद पडली तर दोरीनं पण लांब ओढायची नाही, चाकं जमिनीवर ठेवून ओढली की आतलं जळतं, मागची चाकं उचलून न्यायची नाहीतर अख्खी गाडी दुसऱ्या गाडीवर घालायची. सावळजच्या पुढं रात्री दोनला मी हे कुठनं आणू. कापणीच्या दिवसात माल एक रात्र राहिला की भाव गेला. ही भीती मला गुडघ्यापेक्षा मोठी वाटती, खरं सांगायचं तर.

मग तरी ऑटोमॅटिक का पाहिजे म्हणतोय, तर आमच्या सूनबाईंमुळं. ती लग्नाआधी पुण्यात होती, गाडी चालवायला शिकली ती ऑटोमॅटिकवर, आणि चालवती झकास, माझ्यापेक्षा शांत. ड्रायव्हर आता मिळत नाही हो, मिळाला तर फेब्रुवारीत सोडून जातो कारण तेव्हाच सगळ्यांना पाहिजे असतो. कोल्ड स्टोरेजला बेदाण्याचे बॉक्स टाकून येणं, सौद्याला सॅम्पल नेणं, ही कामं ती रोज करू शकती. कायद्याची पण अडचण नाही, सुप्रीम कोर्टानं २०२४ च्या नोव्हेंबरात सांगितलं की साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या लायसनवर ७५०० किलोपर्यंतची ट्रान्सपोर्ट गाडी चालवता येती, आमची पिकअप त्याच्या निम्म्यात. आणि आपल्याकडं चारचाकीच्या लायसनवर गियरची आणि बिनगियरची असा फरक पण नाही, तो दुचाकीला आहे. म्हणजे लायसन आहे, हात आहे, गाडीच नाही. ती म्हणती मी क्लच शिकते, आणि शिकली पण दोन आठवड्यांत, पण भरलेली गाडी शेडच्या चढावर दोनदा बंद पडली आणि खाली मजूर हसले, तेव्हापासनं ती चावीला हात लावत नाही. मजुरांना मी नंतर बोललो ते इथं लिहित नाही.

बिनक्लचची माल वाहणारी गाडी आज आमच्या बजेटात दिसती ती इलेक्ट्रिक. छोटा हत्ती २०२२ मध्ये बॅटरीवर आला, त्याला गियरच नाही, बसा आणि जावा. गावातल्या गावात, यार्डात, दुधाला वगैरे एक नंबर. पण वाशीला ताडपत्री बांधून जायची ती गाडी नव्हे. एसटीची बॅटरीवरची शिवाई बस पुणे-नगर धावायला लागली तेव्हा मला वाटलेलं आता पिकअपचा नंबर लागंल, चार्जिंग आमच्या फाट्यावर आलं की बघू.

तर झालं असं की मी शेवटी पाच गियरचीच बुक केली, १.७ टनवाली. दसऱ्याला मिळंल. फॉर्म भरताना त्या सेल्समन पोराला म्हटलं खाली लिही, ह्याच गाडीला टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक आली तर ग्राहक लाखभर जास्त द्यायला तयार, कळवावे. तो म्हणाला काका असला कॉलमच नाही. मी म्हटलं मग मागच्या पानावर लिही. लिहिलं त्यानं, माझ्यासमोर, आणि फॉर्मचा फोटो मी पण काढून घेतलाय. तुमच्या वाचकांमधे ज्यांच्या गाड्या यंदा बुक होणार आहेत त्यांनी पण मागच्या पानावर हेच लिहावं अशी विनंती छापाल का, चार ओळीत छापली तरी चालंल.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार, तासगाव तालुका, जि. सांगली

ता.क. पुतण्याला पत्र वाचून दाखवलं. पसरणी घाटाचा भाग काढा म्हणतोय. काढू नका.