टॉकीजचे जुनेपण मोडू नका

महोदय,

तालुक्याच्या गावांतील एकपडदा चित्रपटगृहांवरील रविवारचा लेख वाचला. ती जगवायची तर त्यांचे मल्टिप्लेक्स करावे, हा त्यातील सूर पटला नाही. इंग्लंडमधील वुडहॉल स्पा या छोट्या गावातले ‘किनेमा इन द वुड्स’ हे चित्रपटगृह 1922 मध्ये एका जुन्या पॅव्हेलियनमध्ये सुरू झाले. त्या इमारतीच्या छताच्या तुळया प्रकाशझोताच्या आड येत, म्हणून तिथे चित्र आरशाच्या साहाय्याने पडद्याच्या मागून टाकतात. पुढच्या रांगांत डेकचेअर (घडीच्या कापडी खुर्च्या) मांडलेल्या असत! 1994 मध्ये दुसरा पडदा आला, तरी मूळ सभागृह शाबूत राहिले. प्रेक्षक या वेगळेपणासाठीच येतात. आपल्या टॉकीजची बाल्कनी, तिकीटखिडकी राखून दुरुस्ती करणाऱ्या मालकांना पालिकांनी मालमत्ता करात सवलत द्यावी.

– एक वाचक, बार्शी