सात वर्षे म्हणजे सातच वर्षे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत ऑलिव्हिया डी हॅविलंड या हॉलिवूड अभिनेत्रीवरचा लेख वाचला. त्यात ‘गॉन विथ द विंड’मधली मेलनी आहे, एरॉल फ्लिनबरोबरचे आठ चित्रपट आहेत, धाकटी बहीण जोन फाँटेनशी धरलेला अबोलाही आहे. मात्र वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओविरुद्धच्या ज्या खटल्याने तिची कारकीर्द पालटली, तो एका ओळीत उरकला आहे. आमच्या मते तिच्या कारकिर्दीत त्याहून महत्त्वाचे काही नाही. आपल्या जिल्ह्यातल्या ज्या मुलामुलींपुढे हल्ली सिनेमाच्या कराराचे कागद येतात, त्यांना तर तो ठाऊक असलाच पाहिजे.

ऑलिव्हियाचा जन्म १ जुलै १९१६ चा, टोकियोतला. ती वाढली कॅलिफोर्नियात. १९३४ मध्ये दिग्दर्शक मॅक्स राइनहार्टने हॉलिवूड बोल या खुल्या नाट्यगृहात बसवलेल्या शेक्सपिअरच्या नाटकात तिला हर्मियाची भूमिका मिळाली. तेच नाटक पडद्यावर आणताना वॉर्नर ब्रदर्सने तिला करारात बांधले. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. १९३६ मध्ये नवा करार झाला, सात वर्षांचा.

आता या ‘सात वर्षां’ची रचना पाहा. आधी ५२ आठवडे, मग ५२-५२ आठवड्यांचे सहा ऑप्शन, म्हणजे करार पुढे चालू ठेवण्याचे हक्क. दर वर्षी ऑप्शन वापरायचा की नटीला घरी पाठवायचे, हे ठरवणार फक्त स्टुडिओ. तिला मधेच सोडून जायची मुभा नाही. भूमिका निवडणारही स्टुडिओच. दिलेली भूमिका नाकारली की सस्पेन्शन, म्हणजे पगार बंद आणि बाहेर काम करायलाही बंदी. वर ती भूमिका दुसऱ्या कुणाकडून पुरी होईपर्यंत जेवढे आठवडे जातील, तेवढे कराराच्या शेवटी जोडले जायचे. ऊसतोडीत उचल फिटेपर्यंत मुकादम सोडत नाही आणि खाडे धरत गेले की उचल फिटतच नाही, तसा हा हिशेब होता.

तिने सुरुवातीला तक्रार केली नाही. मागितले ते एवढेच की नायकाची वाट बघत बसणाऱ्या मुलीपलीकडचे काहीतरी द्या. मेलनीची भूमिका तिला मिळाली ती दुसऱ्या निर्मात्याकडे उसनी गेल्यामुळे, आणि त्यासाठीही स्टुडिओचा प्रमुख जॅक वॉर्नर तयार नसताना त्याच्या पत्नीला, ॲनला, गळ घालावी लागली. त्या भूमिकेने तिला ऑस्करचे पहिले नामांकन दिले. दुसरे १९४१ च्या ‘होल्ड बॅक द डॉन’साठी. तोही चित्रपट पॅरामाउंटचा, म्हणजे पुन्हा उसनवारीच. लेखात तिच्या पाच नामांकनांचा गौरवाने उल्लेख आहे, पण त्यातले एकही वॉर्नरच्या चित्रपटासाठी नव्हते, हे सांगितलेले नाही. ज्या घराने तिला बांधून ठेवले, त्या घरात तिला तोलामोलाचे काम मिळाले नाही.

मे १९४३ मध्ये सात वर्षे भरली. स्टुडिओने सस्पेन्शनचा हिशेब पुढे केला: सुमारे सहा महिने बाकी आहेत, ते भरा. तिचे वकील मार्टिन गँग यांनी कॅलिफोर्नियाच्या कामगार कायद्यातले कलम २८५५ काढले. व्यक्तिगत सेवेचा करार सात वर्षांपलीकडे कुणावर लादता येत नाही, असे ते कलम सांगते. ऑगस्ट १९४३ मध्ये तिने दावा लावला.

याच स्टुडिओविरुद्ध अभिनेत्री बेटी डेव्हिस १९३६ मध्ये लंडनच्या कोर्टात हरली होती. करार चालू असतानाच ती इंग्लंडमध्ये दुसऱ्या निर्मात्याचे काम करायला निघाली. कोर्टाचे म्हणणे पडले की आम्ही तुला वॉर्नरसाठी अभिनय करायला लावू शकत नाही, पण दुसऱ्याकडे काम करण्यापासून रोखू शकतो. ऑलिव्हियाने मुदत मोडली नाही. ती पूर्ण होऊ दिली आणि मग ‘आता मी मोकळी आहे, तसे जाहीर करा’ एवढेच मागितले. तिच्या यशाचे मर्म या क्रमात आहे.

स्टुडिओचा युक्तिवाद होता की सात वर्षे म्हणजे प्रत्यक्ष कामाची सात वर्षे. ८ डिसेंबर १९४४ रोजी अपील न्यायालयाने तो फेटाळला. सात वर्षे म्हणजे कॅलेंडरची सात वर्षे. शिवाय हे संरक्षण लोकहितासाठी असल्याने करारावर सही करून ते आधीच सोडून देता येत नाही. पुढे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही प्रकरण ऐकायला नकार दिला. आजही हा निकाल तिथे तिच्याच नावाने ओळखला जातो.

याची किंमत मोठी होती. तिला काम देऊ नका अशी पत्रे वॉर्नरने इतर स्टुडिओंना धाडली. जवळजवळ दोन वर्षे तिला कॅमेऱ्यासमोर उभे राहता आले नाही. त्या काळात ती सैनिकांच्या इस्पितळांमधून फिरत होती.

आणि सुटल्यावर तिने काय केले? ‘टू ईच हिज ओन’मध्ये तरुणीपासून प्रौढ स्त्रीपर्यंतचा प्रवास दाखवताना वयाबरोबर आवाजाची पट्टी उतरवत नेली, १९४६ चे ऑस्कर तिला त्यासाठी मिळाले. १९४८ च्या ‘द स्नेक पिट’साठी तिने मनोरुग्णालयांत जाऊन रुग्ण आणि उपचार जवळून पाहिले. मग विल्यम वायलरचा ‘द एअरेस’. प्रियकराने फसवल्यावर नायिका बॅग घेऊन जिना चढते, तो प्रसंग वायलर पुन्हापुन्हा घेत होता. वैतागून तिने बॅग भिरकावली, तेव्हा ती रिकामी असल्याचे त्याच्या ध्यानात आले. त्याने ती जड सामानाने भरायला लावली. चित्रपट पुन्हा पाहाल तेव्हा तिचा खांदा आणि पाऊल बघा. दुसरे ऑस्कर तिला याच भूमिकेचे. वॉर्नरच्या त्या उरलेल्या सहा महिन्यांना तिने मान तुकवली असती, तर हे तीन चित्रपट तिच्या वाट्याला आले असते असे आम्हाला वाटत नाही. पुढे १९६५ मध्ये कान महोत्सवाच्या ज्युरीची ती पहिली महिला अध्यक्ष झाली. २६ जुलै २०२० रोजी १०४ व्या वर्षी पॅरिसमध्ये तिचे निधन झाले.

जेऊरचे नागराज मंजुळे आणि अकलूजची रिंकू राजगुरू यांच्यामुळे करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत पोरांना पडदा जवळचा वाटू लागला. चांगलेच झाले. आता गाण्यांचे व्हिडिओ, वेब सिरीज, ‘आर्टिस्ट मॅनेजमेंट’वाले सगळेच पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर सह्या घेतात. स्टॅम्प आणि नोटरी यांमुळे बेकायदा अट कायदेशीर होत नाही, हे पहिल्यांदा लक्षात ठेवावे.

आपल्याकडे सात वर्षांचा असा कायदा नाही. भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम २७ आहे. मुदत चालू असताना ‘दुसरीकडे काम करणार नाही’ ही अट साधारणपणे टिकते. मुदत संपल्यानंतरची टिकत नाही. क्रिकेटपटू झहीर खानच्या प्रकरणात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. तिथे करार संपल्यावरही नव्या ऑफर आधी जुन्या कंपनीपुढे ठेवण्याची अट होती. म्हणून खरी लढाई मुदतीच्या कलमाची. ‘चित्रीकरण लांबल्यास मुदत आपोआप वाढेल’ हे वाक्य दिसले की ते खोडून घ्या आणि शेवटची तारीख दिवस-महिना-वर्षासह लिहून घ्या. ‘निर्मात्याच्या इच्छेनुसार नूतनीकरण’ असेल, तर ‘दोघांच्या लेखी संमतीने’ असे करून घ्या आणि नूतनीकरणाला वाढीव मानधन जोडा. काम नसलेल्या महिन्यांतही बाहेर काम करू देणार नसतील, तर त्या महिन्यांचे पैसे मागा. ‘वाद मुंबईच्या न्यायालयात’ हे कलम तर बहुतेक जण वाचतच नाहीत. पुढे प्रत्येक तारखेला सोलापूरहून मुंबई गाठायची वेळ येते आणि खर्चापायी माणूस खरी तक्रारसुद्धा सोडून देतो.

पालकांसाठी आणखी थोडे. अठरा वर्षांखालील मुलाची स्वतःची सही करारात चालत नाही. चौदा वर्षांखालील मुलाला काम द्यायचे तर निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि मिळकतीतली किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जायला हवी. ठेवीची पावती शूटिंग चालू असतानाच मागून घ्यावी.

आपल्या पुरवणीने शहरातल्या एखाद्या जाणत्या वकिलाकडून मराठीत कलाकार-कराराचा एक पानी नमुना तयार करून छापावा, ही विनंती. सोलापुरात ऑडिशनला जाणाऱ्या प्रत्येकाच्या फाईलमध्ये फोटोंबरोबर तोही असावा.

कळावे,
आपले,
काही चित्रपटप्रेमी वाचक, सोलापूर