सीडी पाठवतेय, आणि तिकिटंही

बरकतपुरा, हैदराबाद
रविवार, ४ डिसेंबर २०११

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर बाबा दोनदा "हं, हं" करतात आणि रिसीव्हर आईच्या हातात देतात. म्हणून पत्र. बाबा, हे तुम्ही स्वतः वाचायचं. सकाळचा चहा झाल्यावर, चष्मा पुसून, अंगणातल्या खुर्चीवर बसून. आई, तू नंतर वाच.

पाकिटात दोन वस्तू आहेत. एक सीडी, 'श्रीरामराज्यम' नावाच्या नव्या तेलुगू पिक्चरच्या गाण्यांची. दुसरी, १८ जानेवारीची हुसेनसागर एक्सप्रेसची तिकिटं, सोलापूर ते हैदराबाद, दोघांचेही खालचे बर्थ. परतीची काढलेली नाहीत. बाबा, आता पत्र घडी करून खिशात टाकू नका, पुढे वाचा.

आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर रिकामं झालं. ते मी तुमच्यासाठी भाड्याने घेतलं आहे. ॲडव्हान्स परवा दिला. तुम्हाला आधी विचारलं नाही, हे मला दोन रात्री डाचतंय. पण विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात ते मला पाठ आहे. "लेकीच्या घरी किती दिवस राहायचं?" म्हणून तर माझ्या घरात राहा म्हणतच नाहीये. वेगळं घर, वेगळी चूल, वेगळी किल्ली. भाडं तुमच्या पेन्शनीतून द्यायचं म्हणालात तर तेही घेईन, त्यावरून वाद घालणार नाही. तुमचे जावई स्वतः जाऊन नळ, गिझर, सगळं बघून आले. संडासात धरायला दांडी बसवायची कल्पना त्यांचीच.

बदली मागून मी सोलापूरला यावं, असं आई दिवाळीत हळूच म्हणाली होती. मी विचार केला नाही असं समजू नका. अर्ज लिहून पर्समध्ये घेऊन फिरत होते. पण चिंटूची पुढच्या वर्षी दहावी. ह्यांची नोकरी इथली. आणि बाबांच्या कानाचं काम एका फेरीत होणारं नाही. मशीन घेतलं, कानात घातलं, झालं, असं ते नसतं. दर दोन-तीन आठवड्यांनी जाऊन आवाज जुळवून घ्यावा लागतो, कानाला आणि डोक्याला सवय व्हायला काही महिने जातात. दर वेळी सोलापूरहून रात्रीच्या गाडीने ये-जा करायला लावू का मी तुम्हाला, आईचे गुडघे असे असताना?

दसऱ्याला मी आले नाही, त्याचं कारण इथला वेगळ्या तेलंगणासाठीचा संप. बेचाळीस दिवस चालला, त्यातले कित्येक दिवस बस नव्हत्या, मधूनच गाड्याही बंद. दिवाळीच्या दोन दिवस आधी संप मिटला आणि मी निघाले. आणि त्या दिवाळीतच ते घडलं. तुमच्या लक्षात आहे की नाही ठाऊक नाही, बाबा.

पाडव्याच्या दुपारी मी तुम्हाला माझ्या मोबाइलवर याच सीडीतलं गाणं लावून दिलं होतं, कानाला गुंड्या लावून. 'जगदानंद कारक'. बालसुब्रमण्यम गात होते तोवर तुमचं बोट गुडघ्यावर ठेका धरत होतं. चेहरा अगदी तसा, गिरणीतून आल्यावर रेडिओपाशी बसायचात तसा. मग श्रेया घोषाल गायला लागली. तुमचं बोट थांबलं. तुम्ही माझ्याकडे बघून विचारलंत, "संपलं का?"

संपलं नव्हतं, बाबा. ती गात होती. मी "हो" म्हणाले आणि मोबाइल बंद केला. ते खोटं बोलल्याबद्दल आज माफी मागते.

इथल्या कानाच्या डॉक्टरांना तुमचा सोलापूरचा रिपोर्ट दाखवला. ते म्हणाले, वयाने आणि आवाजाच्या माऱ्याने आधी बारीक, वरचे सूर जातात. जाड आवाज राहतात. म्हणून बाईमाणसाचं बोलणं, लहान मुलांचं बोलणं, 'स'-'श'-'फ' ही अक्षरं निसटतात, आणि तुम्हाला वाटतं लोक पुटपुटतात. कुठे काम करायचे, त्यांनी विचारलं. गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर, तीस वर्षं, म्हटलं. त्यांनी नुसती मान हलवली. त्या साच्यांच्या खडखडाटावर आम्ही शिकलो, माझी फी भरली गेली. तुमच्या कानांनी ती भरली हे मला आत्ता, पंचेचाळिसाव्या वर्षी कळतंय.

आता सीडीविषयी. मी तेलुगू पिक्चरची गाणी का पाठवतेय, असं वाटेल. गोष्ट तुमच्या ओळखीची आहे, उत्तररामायणाची. आणि आई, गोष्टच काय, पिक्चरही ओळखीचा आहे. लहानपणी आपल्या शेजारच्या तेलुगू अक्का मला आणि त्यांच्या पोरांना सकाळच्या खेळाला घेऊन गेल्या होत्या, तेलुगूतले मोठे नट एनटीआर राम आणि अंजलीदेवी सीता, तो 'लवकुश'. हा त्याच कथेवर पुन्हा केलेला. तो १९६३ सालचा, तेलुगूतला पहिला रंगीत. वडिलांनी, सी. पुल्लय्यांनी, सुरू केला होता. मध्ये पैशांवाचून अडला, त्यांची तब्येत बिघडली आणि मुलाने तो पुरा केला. आता अठ्ठेचाळीस वर्षांनी रामाच्या कामात एनटीआरचाच मुलगा आहे, बाळकृष्ण. आणि वाल्मीकी कोण, तर जुने नट नागेश्वरराव, ऐंशी कधीच ओलांडलेले. काय उभे राहतात ते पडद्यावर!

त्या दिवशी थिएटरात लक्ष्मण सीतेला अरण्यात सोडून निघाला तेव्हा अक्का हुंदके देऊन रडत होत्या. मी विचारलं, तिला का सोडलं? त्या म्हणाल्या, चूप, देवाला असं विचारत नाहीत. मग थोड्या वेळाने पदराने माझंच नाक पुसत म्हणाल्या, "अडुगम्मा." विचार, बाई, विचार.

या नव्या सीडीत तो प्रश्न गाण्यातच आहे. वारा, आकाश, पाणी, भूमी, अग्नी, तुमच्यातल्या एकालाही रामाला नको म्हणता आलं नाही का, असं बालसुब्रमण्यम विचारतात. आवाज कुठेही चढत नाही. 'एक दूजे के लिये'मधला तुझा आवडता आवाज, आई, पण आता पिकलेला, भरलेला. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा भात लावला होता, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या.

संगीत इळैयाराजांचं. बाबा, या माणसाविषयी तुम्हाला मुद्दाम सांगायचंय. अडुसष्ट वर्षांचे आहेत. मदुराईकडच्या खेड्यातून, भावाबरोबर गावोगाव गात हिंडत वर आले. १९७६ मध्ये पहिला पिक्चर, तेव्हापासून शेकडो केले. वादकांना तोंडाने चाल सांगत बसायची, अशी त्यांची पद्धत नाही. कागद घेऊन बसतात आणि प्रत्येक वाद्याने काय वाजवायचं ते सरळ लिहून काढतात, व्हायोलिनं वेगळी, बासरी वेगळी. एकही वाद्य वाजलेलं नसतं, पण त्यांना सगळं आत ऐकू आलेलं असतं.

हे वाचलं तेव्हा मला तुमचं साचेखातं आठवलं. तुम्ही सांगायचात ना, की तिथे आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही, तरी मी साच्यापाशी उभा राहून भूप म्हणायचो, आणि सूर बरोबर लागलाय हे कळायचं. मी लहानपणी कितीदा विचारलंय, ऐकू येत नाही तर कळतं कसं? तुम्ही छातीवर हात ठेवायचात. तो भूप कुठला, हेही माहीत आहे मला. 'स्वये श्री रामप्रभू ऐकती.' ५५ साली तालमीजवळच्या हॉटेलात, रेडिओखाली उभं राहून, एका सिंगल चहावर तुम्ही ऐकलेला. माडगूळकर-फडक्यांचं गीतरामायणही लव-कुशांच्या गाण्यापासूनच सुरू होतं, आणि समोर बसून ऐकणारा बापच असतो. मला झोपवताना तुम्ही तेच म्हणायचात. अजूनही आजारी पडले की मला तेच आठवतं. दुसरं कुठलं अंगाईगीत मला माहीतच नाही.

पिक्चर १७ नोव्हेंबरला लागला, आम्ही पहिल्याच रविवारी गेलो. बापू नावाच्या दिग्दर्शकांचा आहे. तुम्ही हिंदीतला 'हम पाँच' बघितला होता, तो त्यांचाच. ते सत्त्याहत्तरचे. त्यांचे जन्मभराचे मित्र, ज्यांनी संवाद लिहिले ते रमणा, फेब्रुवारीतच गेले. पिक्चर लागायच्या आधी दोन-अडीच आठवडे इळैयाराजांच्या पत्नी गेल्या. गाणी त्याआधीच, १५ ऑगस्टला, भद्राचलमच्या रामाच्या देवळात बाहेर आली होती. भद्राचलम गोदावरीकाठी आहे, आई. तुला त्र्यंबकेश्वरला नेलं होतं ना, तीच गोदावरी तिथे केवढी रुंद होऊन जाते. उन्हाळ्याआधी तुम्हाला घेऊन जाईन. ते देऊळ बांधायला सरकारी वसूल खर्च केला म्हणून तिथल्या रामभक्त रामदासूंना गोवळकोंड्यात कोंडलं होतं. तो किल्लाही दाखवीन, पायऱ्या न चढता खालूनच.

एक गाणं खास तुझ्यासाठी आहे. सीतेचं डोहाळजेवण. बायका थट्टा करताहेत, सीता लाजतेय, आणि आपल्याला पुढचं सगळं माहीत असतं. नयनतारा सीता झाली आहे, नजर खाली ठेवून काम केलंय तिने. माझ्या डोहाळजेवणाला तू जी हिरवी इरकल दिलीस ती त्या रात्री घरी येऊन कपाटातून काढली आणि पुन्हा घडी घालून ठेवली.

बाबांनी सीडी कशी ऐकायची ते सांगते. गड्ड्याच्या जत्रेची गर्दी व्हायच्या आधी एखाद्या दुपारी, पंखा बंद करून, अक्कांच्या नातवाकडून प्लेअर आणून. हेडफोन लावून. आवाज अर्ध्याच्या वर न्यायचा नाही, म्हणजे नाही. कमी ऐकू येतं म्हणून मोठ्याने लावलं की राहिलेलंही जातं. 'जगदानंद कारक' पहिल्यांदा ऐका. कुठे आवाज बुजतो, कुठे रिकामं वाटतं, ते कागदावर लिहून ठेवा. डॉक्टरांकडे तो कागद घेऊन जाऊ. त्यांनी सांगितलंय की मशीन मुख्यतः बोलण्यासाठी जुळवलेलं असतं, गाणं त्यात सुरुवातीला पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटेल, गाण्यासाठी वेगळं जुळवावं लागतं. तेव्हा पहिल्या दिवशी चिडून काढून टाकायचं नाही. श्रेयाचा आवाज पहिल्यासारखा येईल असं वचन मी देत नाही. थोडा आला तरी मला पुरे आहे.

तुमच्या घराचं. ज्वारी इथे चांगली मिळते, दळून ठेवीन, भाकरी तूच कर आई, माझी तुला आवडत नाही. शेंगाची चटणी मात्र सोलापूरची आण, दोन डबे. कडक भाकरीही. देवघर पूर्वेला मांडता येतं, मी होकायंत्र घेऊन बघितलं. इसामिया बाजारात मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, बाबांचं नाव तिथे नोंदवते, रिक्षाने दहा-पंधरा मिनिटं. सोलापूरचा पेपर दुसऱ्या दिवशी मिळेल, पेपरवाल्याशी बोलून ठेवलंय. शेजारी तेलुगू आहेत, पण आई, अक्कांकडून चाळीस वर्षांत तू शिकलीस त्यावर आरामात निभेल. मी बाजारात बोलते ते तेलुगू अक्कांच्या ओट्यावरचंच आहे.

घर विकायचं कुणाच्याही मनात नाही. ह्यांच्या नाही, माझ्या तर नाहीच. किल्ली अक्कांच्या धाकट्याकडे द्या, तो गुरुवारी दिवा लावील. तुळस त्यांच्या सुनेच्या ओट्यावर ठेवा, तिला ऊन लागतं हे सांगा. गणपतीला आपण सगळे सोलापुरातच असू, आरास तिथेच. तोवर मशीन अंगवळणी पडलं आणि तुम्हाला कायमचं परत जावंसं वाटलं तर मी स्वतः सोडायला येईन, रडणार नाही. बरं, रडेन, पण सोडीन.

अक्षता सोहळा झाल्यावरचंच तिकीट काढलंय, बाबा, सिद्धरामेश्वराचा गड्डा चुकवून तुम्हाला कोण नेणार? पण नंदीध्वजांच्या मागे गर्दीत शिरायचं नाही या वर्षी. मागून हाका मारलेल्या तुम्हाला ऐकू येत नाहीत. आईचा हात धरून कडेला उभं राहायचं. साखरेची गोळी जेवणाआधी, नंतर नाही. आई, गुडघ्याला पट्टा बांध, उशीखाली ठेवायला नाही दिलेला तो.

सामान दोनच बॅगा. सुपलं, पाटा, कढई काही आणू नका, सगळं आहे. बाबांचा तो जुना रेडिओ मात्र आणा, कपड्यांत गुंडाळून, ट्रंकेत नाही.

वाडी जंक्शनला गाडी थांबेल तेव्हा बाबांनी प्लॅटफॉर्मवर उतरायचं नाही. इथे नामपल्ली स्टेशनवर मी डब्यापाशी येईन, तुम्ही जागचे हलू नका. आणि आई, गाडीत बाबांच्या उजव्या बाजूला बस. डाव्या कानापेक्षा तो बरा आहे, तू बोललेलं त्यांना थोडं तरी येईल.

तुमची,
बेबी