वही रद्दीत देऊ नका

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "तुझे बाबा माळा रिकामा करून राहिले. ते तुझं गाड्यांचं रजिस्टर निघालं. अर्धं उंदरानं खाल्लंय. रद्दीत देऊ काय?" मी ड्यूटीवर निघत होते. "देऊ नको, सांगते नंतर" म्हणून फोन ठेवला. मग बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की हे फोनवर सांगण्यासारखं नाहीच. तिकडून बाबा "आवाज येत नाही" म्हणणार आणि आई मधेच जेवलीस काय विचारणार. म्हणून हे पत्र. बाबांनी मोठ्यानं वाचावं, आईनं ऐकावं.

तर ते रजिस्टर. मी तिसरी-चौथीत होते. बाबा तेव्हा छिंदवाड्याच्या छोट्या लायनीवर गार्ड. उन्हाळ्याची सुट्टी, बाहेर पंचेचाळीस डिग्री, दुपारी अंगणात पाय ठेवायची सोय नाही. कूलरच्या खसचा ओला वास आणि त्या पंप्याची टपटप. दादा आणि मी घरात कोंडलेले. त्यातून ती रेल्वे निघाली. स्वयंपाकघर म्हणजे इतवारी. बोळीचं तोंड सावनेर. अंगणाचं दार सौंसर. तिथून जिना, म्हणजे रामाकोन्याच्या पुढचा घाट, आणि गच्चीवर छिंदवाडा. बाबा ज्या गावांची नावं रोज घ्यायचे तीच आम्ही घरात वसवली.

बाबा, तुम्हाला आठवतं काय माहीत नाही. मी आईच्या टेपनं मोजून बोळीत खडूनं रूळ आखले होते. छोटी लाइन अडीच फुटाची, हे तुम्हीच सांगितलेलं. बोळ जेमतेम तीन फूट. तुम्ही ड्यूटीवरून आलात, हातातला डबा खाली ठेवला, उकिडवे बसून पाहिलंत आणि म्हणालात, "रूळ बसले बरोबर. पण डबा रुळापेक्षा रुंद असते ना वं. भिंतीला घासन तो." मला रडू फुटलं. शाब्बास म्हणाल अशी आशा होती. मग रात्री तुम्हीच तोड काढलीत, बोळीतून फक्त मालगाडीच्या ट्रॉल्या जातील, पॅसेंजर अंगणातून वळवायची. दुसऱ्या दिवशी सगळं वेळापत्रक नव्यानं लिहावं लागलं. त्याच रजिस्टरमध्ये.

आणि टोकन. एकाच रुळावरून गाड्या दोन्हीकडून येतात तर टक्कर काऊन होत नाही, असं मी विचारलं होतं. तुम्ही सांगितलंत की दोन स्टेशनांच्या मधल्या तुकड्यासाठी टोकन असतं. ते हातात आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. दोन्ही स्टेशनांवरची यंत्रं एकमेकांना अशी जोडलेली असतात की एक टोकन बाहेर असेपर्यंत दुसरं निघतच नाही. वेताच्या मोठ्या कडीत अडकवून ते चालत्या गाडीतल्या माणसाला कसं देतात, हे तुम्ही दादाच्या हातात माझी बांगडी देऊन करून दाखवलंत. ती बांगडी फुटली. मग आम्ही आईची भरतकामाची लाकडी रिंग पळवली. तेव्हापासून नियम एकच. रिंग हातात असेल तोच बोळीतून जाणार. घरातला कोणीही.

आई, तू शेजारच्या काकूंच्या साडीवर मोर भरत होतीस. रिंग गेली म्हणून मोर अर्धा राहिला, आणि तू आम्हाला रागावलीस, पण रिंग परत घेतली नाहीस. दुसरी आणलीस, खऱ्या इतवारीच्या बाजारातून, चार-पाच रुपयांची असेल. माझ्या डोळ्यापुढे आजही तुझं ते उभं राहणं येतं. देवघरातून स्वयंपाकघरात जायला बोळ ओलांडावी लागायची. रिंग दादाकडे, दादा गच्चीवर. गॅसवर कढई. आणि तू बोळीच्या तोंडाशी पदर खोचून उभी. "अवं, फोडणी जळून राहिली, सोड ना सिग्नल!" मी म्हटलं, "टोकन आलं नाही." तू थांबलीस. खरंच थांबलीस, मोहरी जळल्याचा वास येईपर्यंत. त्या दिवशीचं वरण आपण सगळ्यांनी गुपचूप खाल्लं.

तुला तेव्हा वाटलं असेल, पोरांचा हट्ट, दोन मिनिटं थांबू. पण त्या दोन मिनिटांमुळे ती रेल्वे खरी झाली. मोठं माणूस हसून, रिंगेशिवाय निघून गेलं असतं तर आमची लाइन त्याच दुपारी बंद पडली असती.

आता हे सगळं मला आत्ता का सुचतंय ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या वॉर्डात एक गोष्ट घडता घडता राहिली. मी तेव्हा तुम्हाला सांगितलं नाही, उगाच बीपी वाढवतील म्हणून. रात्रीची पाळी बदलायची वेळ होती. एका सिस्टरनं एका पेशंटला इंजेक्शन दिलं, तेवढ्यात कोणी तरी तिला हाक मारली, चार्टवर सही राहिली. पाच मिनिटांनी दुसरी सिस्टर तेच इंजेक्शन भरून त्याच खाटेशी. पेशंटची म्हातारी आई बसली होती, ती म्हणाली, "आत्ताच तं देलं ना बाई." गोंदियाकडची असावी. तिच्या त्या एका वाक्यानं वाचलो. इन्चार्ज मी, त्यामुळे लेखी खुलासा मी दिला. वर मीटिंग झाली. सावध राहा, एकाग्र राहा, असं लिहिलेले रंगीत कागद भिंतीवर लागले. दमलेल्या माणसाला "दमू नका" सांगण्यासारखंच ते.

मला चार रात्री झोप नव्हती. पाचव्या रात्री बोळ दिसली. दोन्हीकडून येणाऱ्या गाड्या, एक रूळ, आणि दोघींनाही वाटतंय की आपण मोकळ्या आहोत. माणूस बेसावध होता म्हणून नव्हे, टोकन नव्हतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी लाल कापडाचे पट्टे शिवून आणले, खाटांच्या प्रत्येक रांगेला एकच. औषधाच्या फेरीला जी निघेल तिच्या मनगटावर पट्टा. तो असेपर्यंत तिच्याशी कोणी बोलायचं नाही, नातेवाईक नाही, मी नाही, डॉक्टर नाहीत. शेवटच्या खाटेच्या चार्टवर सही झाली की पट्टा खुंटीवर. खुंटीवर पट्टा नसेल तर त्या रांगेतली औषधं दुसऱ्या कोणी हातात घ्यायची नाहीत. पहिले आठ दिवस पोरी हसल्या. एकदा मोठे डॉक्टर राउंडला आले, सिस्टरला काही विचारायला गेले, तिनं नुसतं मनगट वर केलं. डॉक्टर थांबले. चांगले दोन-तीन मिनिटं, हात मागे बांधून. आई, मला त्यांच्या जागी तू दिसलीस, पदर खोचलेली.

चुका संपल्या असं मी म्हणणार नाही. पण तशी पुन्हा झाली नाही. आता पोरी त्या पट्ट्याला टोकनच म्हणतात. शब्द कुठून आला ते त्यांना मी सांगितलेलं नाही.

त्यानंतर आमच्याकडे एक प्रशिक्षण झालं, 'कामातील सर्जनशीलता' वगैरे. मला त्या शब्दाची ॲलर्जी आहे. रंगीत चिठ्ठ्या वाटतात आणि चौकटीबाहेर विचार करा म्हणतात. आपला सगळ्यात चांगला खेळ तर तीन फुटांच्या बोळीत झाला. पण शिकवायला आलेल्या बाईंनी एक नाव घेतलं ते मी टिपून ठेवलं. व्हिगोत्स्की, रशियन मानसशास्त्रज्ञ. त्यांनी १९३३ मध्ये लेनिनग्राडला मुलांच्या खेळावर व्याख्यान दिलं होतं. त्यांचं म्हणणं असं की काल्पनिक खेळात मूल मोकाट सुटतं हा आपला गैरसमज आहे. खेळ म्हटला की नियम आलेच, आणि खेळाचा नियम मूल स्वतःहून, जिवापाड पाळतं. त्यांनी उदाहरण दिलंय दोन सख्ख्या बहिणींचं, एक पाच वर्षांची, एक सात. त्या म्हणतात, चल आपण बहीण-बहीण खेळू. मुळात बहिणीच की! पण खेळायला लागल्यावर त्या सारखे कपडे घालतात, हातात हात घालतात, एरवी ज्या गोष्टी आपोआप होतात त्या नियम म्हणून करतात. वाचून मी एकटीच हसले. आम्ही पांढरे कपडे घालून रोज तेच तर खेळतो, सिस्टर-सिस्टर.

बाबांना आकडे लागतात, म्हणून हेही. अमेरिकेत मिशेल रूट-बर्नस्टीन नावाच्या बाईंनी लहानपणी अशी स्वतःची जगं रचलेल्यांचा अभ्यास केला. आपापल्या क्षेत्रात नवं काही करणाऱ्यांना तिकडे मॅकआर्थर फेलोशिप देतात, ती मिळालेले ९० जण आणि एका विद्यापीठातले २६२ विद्यार्थी. फेलोशिपवाल्यांत अशांचं प्रमाण विद्यार्थ्यांच्या साधारण दुप्पट निघालं, आणि त्यात नुसते कलावंत नव्हते, शास्त्रज्ञही होते. आता लोकांच्या आठवणींवर उभा असलेला अभ्यास, त्याला किती धरून चालायचं ते तुम्ही ठरवा. मला त्यातला शास्त्रज्ञांचा भाग आवडला. कारण अशी गोष्ट निघाली की सगळे इंग्लंडच्या ब्राँटे भावंडांचं उदाहरण देतात. १८२६ मध्ये वडिलांनी मुलासाठी बारा लाकडी शिपाई आणले, चार भावंडांनी त्यातून देशच्या देश उभे केले, मुंगीएवढ्या अक्षरात त्यांची पुस्तकं लिहिली, आणि बहिणी पुढे मोठ्या लेखिका झाल्या. छानच. पण ज्यांच्या शिपायांतून पुढे नर्स निघाली, बस कंडक्टर निघाला, त्यांचं कोण लिहून ठेवतं?

मी नर्सिंगला गेले तेव्हा काका म्हणाले होते, "एवढी डोक्यातून काढणारी पोट्टी, आणि बेडपॅन उचलायला चालली." बाबा, तुम्ही काही बोलला नाहीत. मला ते बरेच दिवस लागलं होतं. आज वाटतं की तुम्हाला त्यात विचित्र काही दिसलंच नसावं. तुम्ही स्वतः उभं आयुष्य शेवटच्या डब्यात बसून, हिरवा-लाल झेंडा घेऊन, पुढे काय चाललं असेल याचा अंदाज बांधत काढलंत. इंजिन दिसत नाही, वळणापलीकडचा रूळ दिसत नाही, तरी गार्डाला सगळी गाडी डोक्यात ठेवावी लागते. याला कोणी कल्पनाशक्ती म्हणत नाही, ड्यूटी म्हणतात. मीही खाटेशी उभी राहून तेच करते. हे औषध गेल्यावर रात्री दोनला या माणसाला काय होईल, ते मला आधी दिसावं लागतं.

तुमची ती लाइन २०१५ च्या शेवटी बंद झाली. रूळ उचलले तेव्हा तुम्ही सावनेरला जाऊन पाहून आलात आणि आठ दिवस कोणाशी धड बोलला नाहीत. आई सांगत होती. आमच्या घरातली लाइन त्याच्या कितीतरी आधी बंद पडलेली, मी आठवीत असताना. मैत्रीण घरी आली, जिन्यावर खडूनं लिहिलेलं 'घाट सुरू' तिनं वाचलं आणि मी ते ओल्या फडक्यानं पुसलं. म्हटलं, दादाचं आहे.

तरी आपल्या नागपुरात मोठ्यांनी खेळायची लाज तशी कमीच. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी लहान पोरं चाकांचे लाकडी बैल ओढतात, आणि त्याच दिवशी त्यांचे बाप-काके कागदाचा, बांबूचा भला थोरला मारबतीचा पुतळा घेऊन महाल-इतवारीतून निघतात. "रोगराई घेऊन जा गे मारबत." सोबत त्या-त्या वर्षी जो डोक्यात गेला असेल त्याचा पुतळा, म्हणजे बडग्या. शंभराहून जास्त वर्षं एक अख्खं शहर, आपण दुखणं गावाबाहेर नेऊन जाळतोय, असं मनापासून खेळतं. दादाच्या लाकडी बैलाला मी इंजिन केलं होतं ते आठवतं? चितार ओळीतून आणलेला, निळ्या शिंगांचा. आई म्हणाली होती, "बैल आहे तो, त्याला धूर काऊन काढून राहिली?" आणि मग तूच उदबत्ती लावून दिलीस त्याच्या शिंगात.

तर, रजिस्टर रद्दीत देऊ नका. उंदरानं खाल्लेली पानं असू द्या. दादा पुढच्या महिन्यात पुण्याला येणार आहे, त्याच्याबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाठवा. रिंग सापडली तर ती मात्र पाठवू नका, तिथेच ठेवा. बाबा हल्ली रात्री अंधारात बोळीतून जातात आणि आई त्याच वेळी पाणी प्यायला उठते, परवा धडकलात म्हणे दोघं. रिंग खिळ्याला टांगा.

एक राहिलं. त्या रजिस्टरमध्ये कुठेतरी, मे महिन्याच्या पानावर, बाबांची लाल शाई आहे. तुम्ही रात्री ड्यूटीवरून येऊन माझं वेळापत्रक तपासायचात, खऱ्यासारखं. तिथे लिहिलंय, "छिंदवाडा पॅसेंजर ७ मिनिटे उशिरा. कारण?" तुम्ही म्हणायचात, गाडी खोटी असन तं असन, पण टाइम खरा पाह्यजे. त्या प्रश्नाखालची जागा मी कोरी ठेवली होती. खोटं कारण लिहवेना, खरं सांगवेना.

आई, तू इथून पुढचं ऐकू नकोस. बाबा, हळू वाचा.

कारण : छिंदवाडा स्टेशनवर, म्हणजे गच्चीवर, आईनं जुन्या साडीवर कुरोड्या वाळत घातल्या होत्या. वरून कडक, आतून ओल्या. गाडीच्या ड्रायव्हरनं दोन रांगा संपवल्या. चिमण्यांनी नेल्या असं आईला सांगण्यात आलं.

तुमची,
ताई