मासे विकायला नकार देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

श्रावणातल्या त्या सोमवारी मी भिजत तुमच्या दुकानात शिरले तेव्हा माझ्या हातात यादी होती. चार फुटी टाकी, फिल्टर, दिवा, रंगीत खडे आणि वीस मासे. होईल तितक्या लवकर सगळं एका दमात मांडून मुलाला खूश करायचं, एवढंच डोक्यात होतं. तुम्ही यादी वाचलीत, चष्मा कपाळावर सरकवलात आणि म्हणालात, "टाकी बनवून देतो, ताई. मासे मात्र आत्ता नाही मिळायचे." आणि मग विचारलंत, "आधीचे मासे कशात होते?"

त्या प्रश्नाबद्दल मला तुमचे आभार मानायचे आहेत. तोंडावर कधी नीट जमलं नाही. आणि उघडं पत्र अशासाठी, की मोठी टाकी घ्यायला निघालेल्या कुणाला तरी ते वेळेत वाचायला मिळावं.

आधीचे मासे पाच लिटरच्या गोल बाऊलमध्ये होते. मुलाच्या सातव्या वाढदिवसाला एका दुकानातून आणलेले दोन गोल्डफिश. तिथे सांगितलं होतं, दोन वेळा खायला घाला आणि दर रविवारी बाऊल धुवा. मी ते मनापासून केलं. दर रविवारी सगळं पाणी ओतून टाकायचं, खडे चोळून नळाखाली धुवायचे, काच लख्ख करायची, नळाचं ताजं पाणी भरायचं. तिसऱ्या आठवड्यात एक मासा गेला. दुसरा, आमचा केशरी, पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होता. मुलगा रडला तेव्हा मी त्याला म्हणाले, "अरे, मासे असेच असतात, फार जगत नाहीत."

हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही थोडा वेळ गप्प राहिलात. मग म्हणालात, "गोल्डफिश नीट ठेवला तर १०-१५ वर्षं जगतो. तुमचा मासा आजारी नव्हता, स्वतःच्याच लघवीत गुदमरत होता." आणि स्टुलावर बसवून मला जे समजावलंत ते मी आजही जसंच्या तसं सांगू शकते. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजते, त्यातूनही तोच तयार होतो. पाणी दिसायला नितळ असतं आणि आत विष असतं. हा अमोनिया खाणारे जिवाणू असतात, नायट्रोसोमोनास. ते त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारीच, माशाच्या रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही. मग दुसरे जिवाणू, नायट्रोस्पिरा, त्याचं नायट्रेट करतात. ते बऱ्यापैकी सौम्य. थोडं झाडं घेतात, उरलेलं आपण पाणी बदलून काढतो. हे जिवाणू स्पंजावर, वाळूवर, काचेवर चिकटून वाढतात, आणि फार हळू वाढतात. "तुम्ही दर रविवारी पाणी स्वच्छ करत होतात," तुम्ही म्हणालात, "पण पाणी पचवणाऱ्यांना तिथे टिकूच देत नव्हतात."

त्या रात्री मी मुलाला जवळ घेऊन सांगितलं की मी तुला चुकीचं सांगितलं होतं. मासे खूप जगतात. ते बोलता आलं, ते तुमच्यामुळे.

केशरीला टाकी तयार होईपर्यंत कुठे ठेवायचं हा प्रश्न होता. तुम्ही आतून तुमच्याच चालू टाकीतला जुना, काळपट स्पंज फिल्टर काढून टाकीच्याच पाण्यासकट पिशवीत घालून दिलात. चाळीस लिटरचा प्लॅस्टिकचा टब, त्यात हा फिल्टर, आणि रोज पाव पाणी बदलायचं. पैसे घेतले नाहीत. दोन दिवसांत केशरी खाली उतरून पोहायला लागला.

टाकीची गोष्ट तर वेगळीच. मला वाटायचं काच जाड घेतली की झालं. तुम्ही बिलाच्या पाठीवर हिशेब मांडलात. चार बाय दीड बाय दीड फूट म्हणजे ९ घनफूट, एका घनफुटात सुमारे २८ लिटर, म्हणजे काठोकाठ भरली तर अडीचशे लिटरच्या वर, आणि वापरात साधारण २३० लिटर. पाण्याचे २३० किलो, १० मिलिमीटर काचेचे पन्नासेक, वाळूचे तीस, वर स्टँड. साडेतीनशे किलो. "पाच माणसं एका जागी रात्रंदिवस उभी आहेत असं समजा," म्हणालात. आमची इमारत जुनी, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. मी टाकी खिडकीखाली ठेवणार होते. तुम्ही सोसायटीच्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय काच कापायला घेतली नाहीत. बीम कुठल्या भिंतीखाली आहे ते त्यांनी दाखवलं आणि टाकी तिथे गेली. खिडकीपासून लांब, ते बरंच झालं. उन्हाने पाणी तापलं नसतं तरी शेवाळ नक्की माजलं असतं.

स्टँड आला त्या दिवशी तुम्ही स्वतः पाणसळ घेऊन आलात. डोळ्यांना सरळ दिसणारी आमची फरशी एका टोकाला चांगली अर्धा इंच उतरती निघाली. पायाखाली पट्ट्या सारून तुम्ही बुडबुडा मध्ये आणलात, प्लायवूडवर थर्माकोल अंथरलात, मग टाकी. सिलिकॉनचा व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत आठवडाभर ती कोरडी ठेवली होतीत, नंतर गॅलरीत दोन दिवस भरून खाली वर्तमानपत्र पसरलं होतं. कागद कोरडा राहिला तेव्हा कुठे आत आणायला परवानगी मिळाली. एअर पंप टाकीच्या खालच्या कप्प्यात ठेवत होते, तोही तुम्ही उचलून वर ठेवलात. लाइट गेली की नळीतून पाणी उलटं उतरतं आणि घरभर होतं, हे मला कुणी सांगितलं असतं?

आणि मग सुरू झाले ते रिकामे दिवस. वाळू धुऊन घातली, टॉप फिल्टरमध्ये स्पंज आणि सिरॅमिकच्या रिंगा, पंप तासाला १२०० लिटरचा, म्हणजे सगळं पाणी तासात पाच वेळा फिरावं. आमच्याकडे उल्हास नदीचं पाणी येतं, आणि पावसात ते गढूळ झालं की नळाला क्लोरीनचा वास येतो. क्लोरीन माशाचे कल्ले जाळतं आणि आपल्या जिवाणूंनाही मारतं, म्हणून भरताना थायोसल्फेटचे खडे. सगळं चालू झालं, दिवा लागला, आणि आत एकही मासा नाही.

जिवाणूंना खायला काय, तर नवसागर! माझी आजी कल्हईवाल्याकडे भांडी घेऊन जायची तेव्हा भांड्यातून जो पांढरा धूर उठायचा, तो नवसागर. तो अमोनियाचाच क्षार आहे हे मला तुमच्या दुकानात कळलं. कल्हईचा नको, त्यात भेसळ असते, म्हणून तुम्ही प्रयोगशाळेतल्या दर्जाची पुडी दिलीत. २३० लिटरला दीड ग्रॅम, म्हणजे अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅम. वही घालून दिलीत आणि रोजचं मोजमाप मुलाच्या हाताने लिहायला लावलंत. ती वही माझ्यासमोर आहे. ९वा दिवस, अमोनिया तसाच. १४वा दिवस, अमोनिया थोडा उतरला, नायट्राइट पहिल्यांदा दिसलं. इथे त्याने लाल पेनाने चांदणी काढली आहे. २६वा दिवस, नायट्राइट तपासायची नळी गडद जांभळी, म्हणजे नायट्राइट भरपूर. ३१वा दिवस, अजून जांभळीच. त्या दिवशी मी तुम्हाला फोन करून जवळजवळ भांडले होते. शेजारी विचारत होते, एवढी मोठी टाकी काय नुसती पाणी बघायला? तुम्ही शांतपणे म्हणालात, "नायट्राइट उतरलं की एका रात्रीत उतरतं. तुम्ही फक्त मोजत राहा."

३६व्या दिवशी ते उतरलं. ३८व्या दिवशी नवसागर घालून २४ तासांनी मोजलं, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य.

नेमका पितृपक्ष लागला होता. सासूबाई म्हणाल्या, नवीन काही आणायचं ते घटस्थापनेनंतर. मी घाबरत तुम्हाला सांगितलं, तर तुम्हाला आनंदच झाला. "अगदी बरोबर. आणि केशरी काही नवा नाही, तो घरचाच आहे. निम्मं पाणी बदला आणि त्याला आज सोडा." केशरी आत गेला, तळाशी पाच मिनिटं निपचित राहिला, आणि मग त्याने टाकीची एक लांबी सरळ पोहून काढली. जन्मात पहिल्यांदा त्याला सरळ पोहायला जागा मिळाली असेल. सासूबाई हात जोडून उभ्या होत्या. मला रडू आलं.

वीस माशांची माझी यादी तुम्ही तीनवर आणलीत. त्याचंही कारण सांगितलंत: फँटेल जातीचा गोल्डफिश हातभर वाढत नाही पण तळव्याएवढा होतो आणि घाण चिकार करतो. एंजल त्याच्यासोबत नको, त्याला कोमट पाणी लागतं. काच साफ करायला म्हणून सकर तर अजिबात नको; दोन इंचाचा विकतात, तो फुटाच्या वर जातो, मग लोक त्याला नदीत नाहीतर तलावात सोडतात आणि तो तिथल्या माशांच्या मुळावर येतो. मी त्या दिवशी पैसे घेऊन उभी होते, तुम्ही सतरा मासे मला विकले नाहीत.

ऑक्टोबरात पाच तास लाइट गेली होती ती रात्रही राहिली सांगायची. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, उकाडा मरणाचा, चारही मासे वर आलेले. रात्री साडेअकराला तुम्ही फोन उचललात. खाणं बंद, तांब्याने पाणी काढून वीतभर उंचीवरून परत ओतत राहा, आणि फिल्टरचा स्पंज टाकीतच बुडवून ठेवा, सुकू देऊ नका. मुलगा आणि मी आळीपाळीने ओतत बसलो. साडेतीनला पंखा फिरला.

लहानपणी बाबा मला चर्नी रोडला उतरून तारापोरवाला मत्स्यालयात न्यायचे, १९५१ पासूनचं ते जुनं मत्स्यालय. काचेला नाक लावून मी तासन्‌तास मासे पाहिले. त्या काचेमागचं पाणी कुणी तरी रोज सांभाळत असेल, हे कधी मनातसुद्धा आलं नाही. तुम्ही मला काचेच्या त्या बाजूला नेलंत, काका.

आता रविवारी आम्ही पाव पाणी बदलतो, काढलेल्या पाण्याच्या बादलीत स्पंज हलकेच पिळतो, नळाखाली कधीच नाही. वही दुसरी सुरू झाली आहे. केशरीच्या पाठीवर सोनेरी झाक आली आहे, आणि टाकीजवळ मुलाची चाहूल लागली की तो काचेशी येतो.

तुमचा स्पंज फिल्टर अजून माझ्याकडेच आहे. टब रिकामा झाल्यापासून मोठ्या टाकीच्या कोपऱ्यात चालू ठेवलाय, पुढच्या कुणाला तरी लागेल म्हणून. येत्या रविवारी घेऊन येते. टाकीच्याच पाण्यात, ओला.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरची ताई
डोंबिवली