अपघाताची बातमी संपते तिथनं पुढं काय?

माननीय संपादक साहेब,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात आतल्या पानावर रोज एकतरी अपघाताची बातमी असतेच. कुठं तवंदी घाट, कुठं खानापूर रोड, कुठं वेंगुर्ला रोड, चार ओळीत सगळं येतं आणि शेवटी ‘घटनेची नोंद पोलिसांत झाली आहे’ म्हणून बातमी संपते. पण ज्याचा पाय मोडलाय त्याचं खरं काम तिथनंच सुरू होतं की. मी वकील नाही, आधीच सांगतो. बेळगावात कोर्टाच्या जवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे, अपघाताच्या क्लेमचे म्हणजे भरपाईच्या दाव्याचे कागद दिवसभर माझ्या मशीनखालनं जातात आणि कन्नड वाचता येत असल्यामुळं अर्धी माणसं ‘मामा, यात काय लिहिलंय बघा की जरा’ म्हणून माझ्याकडंच येतात. त्यात आता घरचीच केस लागलीय, म्हणून लिहायला बसलो.

माझा सख्खा भाचा, वय ३४, गवंडीकाम करतो. ऊसतोडीच्या दिवसांत महाराष्ट्राच्या हद्दीत शिनोळीच्या पलीकडचं काम संपवून रात्री गाडीवरनं घरी येत होता. रस्त्यातच उसानं भरलेली ट्रॉली पंक्चर होऊन उभी, मागं ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर, ना एखादी झाडाची फांदी तोडून टाकलेली. जाऊन धडकला. उजव्या गुडघ्याखाली दोन्ही हाडं गेली. गावातल्या दोघांनी जीपमध्ये घालून बेळगावला दवाखान्यात आणलं, त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण काउंटरवर विचारलं कसं झालं, तर त्यातल्या एकानं पोलिसांची कटकट नको म्हणून सांगितलं, ‘गाडीवरनं पडला.’ तिथल्या माणसानं रजिस्टरात इंग्रजीत तेवढंच लिहिलं, स्वतः पडून मार लागला. ट्रॅक्टर नाही, ट्रॉली नाही, काही नाही. बोलायला दोन सेकंद गेले असतील, पण इन्शुरन्स कंपनीचा वकील आजही तेच पान धरून बसलाय, तुम्हीच सांगितलं होतं ना पडला म्हणून, मग आमची गाडी आली कुठनं?

म्हणून पहिली गोष्ट ही, पेशंटला घेऊन जाल तेव्हा काउंटरवर खरं ते आणि पूर्ण सांगा, कुठल्या गाडीनं, कुठं, किती वाजता. एमएलसी (पोलिसांना कळवायच्या केसची दवाखान्यातली नोंद) करा म्हणून तोंडानं मागा. आणि नेणाऱ्यानं भ्यायचं काही कारण नाही, २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४ अ कलम आलंय, मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची जबरदस्ती पोलिसांना करता येत नाही की दवाखान्याला. स्वतःचं नाव नका सांगू हवं तर, पण ट्रॅक्टरचं सांगा!

दुसरी चूक आमच्या अक्काची म्हणणार नाही, आमच्या सगळ्यांचीच. ट्रॅक्टरवाला तोंडओळखीचा, तिसऱ्या दिवशी फळांची पिशवी घेऊन आला, पंधरा हजार देतो, केस नको, सीझन आहे, गाडी पोलिसांत अडकली तर माझं वाटोळं होतंय म्हणाला. अक्कानं घेतले. घेणार नाही तर काय, औषधाच्या दुकानाचं बिल रोज वाढत होतं. त्यानं एका कागदावर सही पण घेतली, ‘आपसात मिटलं आहे.’ माझ्या कानावर आलं तेव्हा आठ दिवस उलटून गेले होते.

आता पंधरा हजार म्हणजे किती ते हिशोबानं बघा. सुप्रीम कोर्टानं २००९ मध्ये सरला वर्मा केसमध्ये वयाप्रमाणं गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला कितीनं गुणायचं तो आकडा, ठरवून दिलाय, ३१ ते ३५ वयाला १६. गवंड्याची कमाई महिना १२,००० जरी धरली (खरी जास्तच असते पण पावती कुठली असायला) तरी वर्षाचे १,४४,००० झाले, गुणिले १६ म्हणजे २३,०४,०००. कोर्टानं कमाईचं नुकसान २० टक्के मानलं तर ४,६०,८०० होतात. ह्यात दवाखान्याचं बिल नाही, झोपून काढलेल्या महिन्यांचा पगार नाही, सोबत राहिलेल्या माणसाचा, गाडीभाड्याचा, खाण्यापिण्याचा खर्च नाही, दुखण्याचे पैसे वेगळेच. आणि वर अर्ज केल्यापासनं व्याज. हे सगळं आम्ही पंधरा हजारावर सोडायला निघालो होतो.

त्या टक्क्याचं पण नीट समजून घ्या, इथं लई जण फसतात. डॉक्टर सर्टिफिकेट देतात त्यात पायाचं अपंगत्व असतं, पूर्ण शरीराचं त्याहून कमी असतं. पण कोर्टानं बघायचं असतं ते माणसाच्या कामावर काय परिणाम झाला ते. सुप्रीम कोर्टाच्या २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात हे स्पष्ट लिहिलंय, डावा हात गेला तर ड्रायव्हरचं किंवा सुताराचं पोटच गेलं, पण सरकारी क्लार्कची नोकरी कदाचित राहील. म्हणजे गुडघा वाकत नाही हे दुकानात बसणाऱ्या मला वेगळं आणि परांचीवर चढणाऱ्या भाच्याला वेगळं. कोर्टात डॉक्टरांची साक्ष होते तेव्हा तो काय काम करतो, खाली बसता येतं का, शिडी चढता येते का, हे यायलाच पाहिजे. नुसता टक्का सांगून डॉक्टर निघून गेले तर कंपनीलाच बरं.

तर नवव्या दिवशी फिर्याद द्यायला गेलो. बेळगावातल्या एका ठाण्यात म्हणाले, हद्द महाराष्ट्राची आहे, तिकडं जावा. तिकडं म्हणाले, पेशंट बेळगावात आहे ना, मग तिथनं कागद येऊ दे. सीमाभागातल्या माणसाला हे काय नवीन नाही, आमचं सगळंच असं मधे लोंबकळत असतं. पण आता १ जुलै २०२४ पासनं जो नवा कायदा आला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्याच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय की गुन्हा कुठंही घडलेला असू दे, ठाण्यानं फिर्याद घ्यायची आणि मग हद्दीच्या ठाण्याला पाठवायची. त्याच कलमात आणखी दोन गोष्टी आहेत त्या आपल्या लोकांनी पाठच करून ठेवायला पाहिजेत, एक म्हणजे तोंडी सांगितलेलं लिहून घेतल्यावर सांगणाऱ्याला ते वाचून दाखवायचं, आणि दुसरं म्हणजे एफआयआरची प्रत त्याला फुकट द्यायची.

वाचून दाखवायचं का म्हणतोय ते सांगतो. खानापूर तालुक्यातली एक बाई माझ्याकडं नवऱ्याच्या केसचे कागद घेऊन आली, सही तिचीच, मजकूर सगळा कन्नडमधे. तिनं मराठीत सांगितलं होतं की समोरनं आलेल्या कारनं उडवलं. कागदावर होतं, कुत्रं आडवं आलं आणि गाडी स्लिप झाली. मुद्दाम केलं की घाईत काय ऐकलं देव जाणे, मी कुणावर आरोप करत नाही. पण ती म्हणाली, ‘मामा, सही कर म्हणाले, केली.’ आपल्याला कन्नड येत नसेल तर लाजायचं नाही आणि भांडायचं पण नाही, वाचून मराठीत सांगा म्हणायचं, कन्नड येणारा कुणीतरी सोबत न्यायचा, आणि पटेपर्यंत पेन उचलायचं नाही. पंचनाम्याचं पण तेच, कर्नाटकात त्याला महजर म्हणतात. खुणा कुठं होत्या, ट्रॉली रस्त्याच्या किती आत होती, दिवा होता का नव्हता, हे त्यातच असतं. उभ्या गाडीला मागनं धडकलं की कंपनी म्हणतेच, चूक तुमची पण आहे, आणि कोर्ट मग तेवढे टक्के कापतं. आमच्याकडं ट्रॉलीचा फोटो निघाला एका पोराच्या मोबाईलमधे, मागं मिट्ट काळोख, तेवढा आधार. तुम्ही फोटो काढाल तेव्हा ट्रॅक्टरचा नंबर घ्याच, ट्रॉलीचा पण घ्या, तिची नोंदणी आणि इन्शुरन्स वेगळा असतो. इन्शुरन्स चालू आहे का ते एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून बघता येतं.

आणि उशीर झाला म्हणून गप्प बसू नका. फिर्याद उशिरा दिली एवढ्यावरनं क्लेम फेटाळायचा नाही असं सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, कारण घरचा माणूस आयसीयूत असताना कोण आधी पोलिसांत धावणार. उशीर का झाला ते मात्र फिर्यादीत लिहायला लावा. ‘मिटलं आहे’ म्हणून सही केलेला कागद असला तरी वकिलाला दाखवा, लपवू नका.

क्लेम कुठं घालायचा ह्यावर आमच्या घरी दोन दिवस वाद झाला. मेहुणे म्हणायचे अपघात महाराष्ट्रात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात हेलपाटे मारायला लागणार. तसं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ प्रमाणं अपघात झाला तिथं, किंवा जखमी माणूस राहतो किंवा धंदा करतो तिथं, किंवा समोरचा राहतो तिथं, ह्यातलं कुठलंही ट्रिब्युनल (अपघाताच्या क्लेमचं कोर्ट) चालतं. आम्ही बेळगावात घातला. फक्त तिकडचे मराठी कागद भाषांतर करून जोडायला लागले, म्हणजे इकडं कन्नडचं मराठी करून समजून घ्यायचं आणि तिकडच्या मराठीचं इंग्रजी करून द्यायचं, आमचं नशीब.

मुदत मात्र ध्यानात ठेवा. कट्ट्यावरची जुनी माणसं अजून सांगतात, क्लेमला मुदत नसते, कधीपण घाल. १९९४ पासनं खरंच तसं होतं. पण १ एप्रिल २०२२ पासनं सहा महिन्यांची अट आलीय, अपघाताच्या तारखेपासनं. ह्या अटीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, त्यामुळं सहा महिने होऊन गेले असले तरी वकिलाला विचारल्याशिवाय सोडू नका, पण ज्याच्या हातात दिवस आहेत त्यानं पाय बरा झाल्यावर बघू म्हणू नये. पोलिसांनी पण ४८ तासांत पहिला रिपोर्ट ट्रिब्युनलला द्यायचा आणि ९० दिवसांत सविस्तर द्यायचा असा नियम आहे, तो गेला का म्हणून आपण विचारत राहायचं.

गाडी ठोकून पळून गेली आणि नंबरच नाही, तर काही मिळत नाही असं समजून लई लोक घरी बसतात. हिट अँड रनला सरकारची योजना आहे, मृत्यू झाला तर २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार. अर्ज महसूल खात्याकडं जातो, ट्रिब्युनलकडं नाही. तसंच मे २०२५ पासनं केंद्राची कॅशलेस उपचाराची योजना आहे, अपघातापासनं ७ दिवस, दीड लाखापर्यंत, यादीतल्या दवाखान्यांत. काउंटरवर ‘असलं काय आमच्याकडं नाही’ म्हणाले तर ११२ ला फोन करून जवळचा यादीतला दवाखाना विचारा. समोरच्याच्या गाडीला इन्शुरन्स नसेल तर मालकाकडनं वसूल करायला लागतं, आणि एसटी किंवा आपल्या वायव्य कर्नाटकच्या बसनं उडवलं असेल तर क्लेम थेट महामंडळावर घालायचा. स्वतःच्याच चुकीनं पडला असेल आणि गाडी नावावर असेल तर पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखाचा अपघात विमा आहे का बघा, मृत्यू किंवा मोठं कायमचं अपंगत्व आलं तर त्यातनं मिळतं. हप्ता भरलेला असतो आणि घरात कुणाला माहीतच नसतं.

वकिलाचं बोलायला जरा जड जातं कारण माझं दुकान त्यांच्यावरच चालतंय. चांगले पुष्कळ आहेत. पण दवाखान्याच्या गेटवर येऊन ‘एक रुपया देऊ नका, आलेल्यातले इतके टक्के द्या’ म्हणणारे एजंट पण आहेत. निकालावर टक्केवारी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमात मनाई आहे, वकिलांना हे माहीत असतं. कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर सही देऊ नका, फी किती ते लिहून घ्या, एमव्हीसी नंबर म्हणजे आपल्या क्लेमच्या केसचा नंबर स्वतःच्या वहीत लिहून ठेवा. ऐपत नसेल तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडनं फुकट वकील मिळतो, बायकांना, एससी-एसटीला, अपंगांना तर उत्पन्न न बघता मिळतो. १५१०० वर फोन लावायचा. लोक अदालतीत कंपनी आकडा सांगते तेव्हा घाईनं मान हलवू नका, तिथं मिटलं की वर अपील नाही. आकडा बरा असेल तर जरूर मिटवा, मी विरोधात नाही, भाच्याच्या केसला पुढच्या वेळी आम्ही पण बसणार आहोत.

शेवटी माझ्या धंद्यातलं एक. औषध दुकानाची बिलं आता त्या गुळगुळीत कागदावर येतात, सहा महिन्यांत अक्षरं उडतात आणि कोर्टात कोरी पट्टी राहते. बिल हातात आलं की त्याच दिवशी झेरॉक्स काढा, मूळ बिल पण टाकू नका, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, स्कॅन सगळं एका पिशवीत. आणि लॅमिनेशन करू नका. मागच्या महिन्यात एक म्हातारे काका सुनेच्या ऑपरेशनची सगळी बिलं घेऊन आले, खराब होतील, लॅमिनेशन करून दे म्हणून हट्ट धरला. मी नको नको म्हणत होतो, पण ऐकेनात, शेवटी एकच घालून दाखवलं. उष्णता लागल्याबरोबर कागद काळा ठिक्कर पडला. साडेतीन हजाराचं बिल होतं. नशीब एकच घातलं.

आपला एक वाचक,
झेरॉक्सवाला, बेळगाव